टेबलावर आधी रबरी चटई

पुण्याहून साताऱ्याला येताना शिरवळ लागले की खंडाळा तालुका सुरू होतो. शिरवळला १९८८पासून क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पशुवैद्यकाच्या शिक्षणात जनावर धरायचे कसे, हा धडा सुरुवातीलाच येतो. मोहरकी कशी घालायची, खोड्यात जनावर कसे घ्यायचे, कोणत्या बाजूला उभे राहायचे, हे हातात बसल्यावर मग सुई. गुरांच्या दवाखान्यात हा क्रम कोणी मोडत नाही. आपल्या ग्रूमिंग सलूनमध्ये मात्र आधी मशीन, कात्र्या आणि सुगंधी शाम्पू येतात. कुत्रा सुरक्षित धरण्याच्या साधनांचा विचार बहुतेक ठिकाणी पहिला चावा बसल्यावर होतो.

या साधनांत आम्ही पहिला मान रबरी चटईला देतो. टेबलाचा पत्रा किंवा सनमायका ओला झाला की कुत्र्याची नखे त्यावर ठरत नाहीत. पाय घसरू लागले की तो अंग आखडतो, मग धडपडतो, मग सुटायला बघतो आणि शेवटी दात लावतो. तोवर ग्रूमरने पकड घट्ट केलेली असते, त्यामुळे भीती आणखी वाढते. ‘कुत्रा तापट आहे’ असा शेरा मारून ज्याला परत पाठवले जाते, त्याचे चारही पाय टेकले होते का, हे आधी पाहावे. एक जाड, खाचांची चटई टेबलावर आणि दुसरी आंघोळीच्या टबात घालावी. खर्च किरकोळ आहे. निम्मी झटापट इथेच संपते, असे आमचे ठाम मत आहे.

दुसरे साधन टेबलाच्या दांडीला लटकणारा लूप. तो कुत्र्याला जागेवर ठेवण्यापुरताच आहे, टांगून ठेवण्यासाठी नाही. लूप गळ्यात असताना कुत्र्याने टेबलावरून उडी मारली तर त्याला फास बसतो, आणि काही मिनिटांत जीव जातो. म्हणून लूपला चटकन सुटणारी कडी हवी, ती रोज सकाळी ओढून तपासायला हवी, आणि एक हात सतत कुत्र्याच्या अंगावर हवा. फोन वाजला तर वाजू द्यावा. पॉमेरेनियनसारख्या लहान कुत्र्यांची श्वासनलिका नाजूक असते, त्यांना लूप नुसता गळ्यात न घालता एका पुढच्या पायाखालून काढावा. पगची मानेवरची कातडी मागे खेचली तर डोळा खोबणीबाहेर येऊ शकतो. शिकाऊ मुलांना हे पहिल्या दिवशी सांगितलेच पाहिजे.

आपल्या भागातल्या कारवानी कुत्र्यांची गोष्ट वेगळी. माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात ही जात धनगरांच्या वाड्या-वस्त्यांवर पूर्वापार आहे. सीमेपलीकडे मुधोळमध्ये ती मुधोळ हाउंड म्हणून ओळखली जाते. या कुत्र्याचे डोके अरुंद असते, मान त्या मानाने जाड. साधा पट्टा मागे सरकला की कुत्रा सहज निसटतो, आणि दार उघडे असेल तर थेट रस्त्यावर. त्याला रुंद, ओढल्यावर मर्यादेपर्यंतच आवळणारा पट्टा हवा. कातडी पातळ आणि अंगावर चरबी नाही, म्हणून मशीनचे पातेही दर थोड्या वेळाने हाताला लावून पाहावे.

मुसकीबद्दल गैरसमज फार. तोंड मिटून धरणारी कापडी मुसकी नखे कापण्यापुरती, एक-दोन मिनिटे ठीक. कुत्र्याला घाम जवळजवळ येत नाही. तो धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर काढतो. त्याचे तापमान एरवीच १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. तोंड बांधून त्याला ड्रायरपुढे उभे केले तर एप्रिल-मेच्या दुपारी उष्माघात व्हायला वेळ लागत नाही. त्यापेक्षा मळणीच्या बैलाला घालतात तशी जाळीदार मुसकी घ्यावी. तिच्यात तोंड उघडते, धाप लागते, पाणी पिता येते. मुसकीची सवय मालकाने घरी खाऊ देऊन लावावी, आणि तसे सांगणे हे आपलेच काम आहे. चपट्या तोंडाच्या जातींना ती बसत नाही. तिथे मानेभोवती सैलसर गुंडाळलेला टॉवेल पुरतो.

काही ठिकाणी ‘शांत राहावा म्हणून’ गोळी देण्याची पद्धत रूढ होत आहे. ती थांबली पाहिजे. गुंगीच्या काही औषधांनी रक्तदाब उतरतो, शरीराला तापमान राखता येत नाही, आणि भीती मात्र आत तशीच राहते. मात्रा ठरवणे पशुवैद्यकाचे काम आहे, ग्रूमरचे नव्हे. कुत्रा ओठ चाटू लागला, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागला, अंग एकाएकी ताठ झाले, तर काम तिथेच थांबवावे. अर्धे कापलेले केस घेऊन कुत्रा घरी गेला तर मालक नाराज होईल. होऊ द्यावा. उरलेले पुढच्या आठवड्यात करता येते.

आणि ज्या हातांनी हे सगळे करायचे, त्यांची काळजी? रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. तरीही कामगारांना आधीच प्रतिबंधक लस देणारी सलून थोडीच. तीन मात्रा असतात: पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी. चावा बसलाच तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. लस घेतलेली असली तरी पुढच्या मात्रा चुकवू नयेत.

शिरवळच्या महाविद्यालयाने सातारा-सांगलीतल्या ग्रूमरसाठी कुत्रा धरण्याचा छोटा प्रत्यक्ष वर्ग सुरू करावा, अशी आमची जाहीर विनंती आहे. सलूनमालकांनी तो वर्ग सुरू होण्याची वाट पाहू नये. चटई या आठवड्यात टाकावी आणि कामगारांची लस या महिन्यात सुरू करावी.