अनवट वाटा आणि गावची चूल

पावसाळा सुरू झाला की दर शनिवार-रविवारी सह्याद्रीच्या पायथ्याशी शहरांची जत्रा लोटते. लोहगडाच्या पायऱ्यांवर आणि कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर माणसांच्या रांगा लागतात. २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ दुर्गांचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला; त्यांपैकी ११ महाराष्ट्रातच असल्याने ही गर्दी ओसरण्याचे चिन्ह नाही. तिला विटलेला एखादा शिक्षक वा विद्यार्थी अनवट वाटांचा शोध घेऊ लागला, तर त्यात नवल ते काय? प्रश्न एवढाच की, त्याच्या या भटकंतीतून वाटेवरच्या गावांच्या पदरात काय पडते?

सह्याद्रीतील घाटवाटा मुळात हौसेसाठी पडलेल्या नाहीत. सातवाहनकाळी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतील माल नाणेघाटातून जुन्नरकडे चढत असे. तेथील लेण्यातला शिलालेख आणि जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण त्या व्यापाराची आठवण देतात. १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी धावू लागली, पुढे पक्के रस्ते झाले आणि पायवाटांचे अर्थकारण आटले. केळदहून कोकणात उतरणाऱ्या मढे आणि उपांड्या घाटांसारख्या वाटा आज प्रामुख्याने स्थानिकांच्या आणि हौशी भटक्यांच्या पायांनी जिवंत आहेत. नकाशा वाटेची दिशा दाखवील. पण कोणत्या ओढ्यापाशी वळावे, चैत्रात पाणी कोठे टिकते आणि कोणता उतार पावसात घात करतो, हे गावातला गुराखीच सांगू शकतो. त्याचे हे ज्ञान फुकट मिळावे, असे मानण्याचे काहीच कारण नाही.

जेवणाचेही तसेच आहे. अशा वाटांवर खाणावळीच्या पाट्या नसतात. असते ती कोणाच्या तरी घरची चूल. आदल्या दिवशी निरोप धाडला तर पिठले, नाचणीची किंवा तांदळाची भाकरी आणि ठेचा असे ताट पुढे येते. त्या ताटाचा पैसा पिठाच्या गिरणीत, शेजाऱ्याच्या दुभत्यात, गावच्या दुकानात फिरतो. उलट शहरातून बांधून आणलेल्या शिदोरीतून गावाला मिळतात त्या रिकाम्या बाटल्या आणि कागद. तरीही गाडीच्या इंधनावर हजार रुपये सहज उडविणारा पाहुणा ताटामागे वीस रुपयांसाठी घासाघीस करताना दिसतो. उन्हाळ्यात त्या घरातील बाईने डोक्यावरून आणलेला हंडा आणि धुरात केलेल्या भाकऱ्या त्याच्या हिशेबात येत नाहीत. श्रम घरातले असले म्हणजे ते मोफत ठरत नाहीत, हा अर्थशास्त्राचा साधा पाठ येथे विसरला जातो.

अनवट वाटांचा बोभाटा झाला तर त्यांचीही जत्रा होईल, हा आक्षेप खरा आहे. मात्र वाटा लपवून ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. गावात पाणी किती, चुली किती, यावरून एका दिवशी किती माणसे यावीत हे ग्रामसभेने ठरवावे आणि ती मर्यादा पाहुण्यांनी मानावी. लहान गटाने जावे, वाटाड्या गावातलाच घ्यावा, आपला कचरा आपणच परत न्यावा. आज उतरू नका, असे गावकऱ्याने सांगितले तर मुकाट्याने माघारी फिरावे.

गावाला वाट विचारणाऱ्याने ताटाचे मोलही विचारावे, आणि ते सांगितल्यावर घासाघीस न करता चुकते करावे.