हजेरीपटावरील नाव

सातारा जिल्ह्यातील एका शाळेत मी अध्यापन करीत असता हजेरीपटावर प्रतिवर्षी एखादी तरी 'नकुशा' आढळे. गावे निरनिराळी, आडनावे निरनिराळी; नाव मात्र तेच. मुलाची वाट पाहणाऱ्या घरी पुन्हा कन्या झाली, म्हणजे तिचे असे नाव ठेवावयाचे, म्हणजे पुढच्या खेपेस मुलगा होतो, ही त्यामागील समजूत. समजूत भाबडी खरी; पण प्रत्येक हाकेसरशी 'तू नकोस' असे जिला ऐकावे लागे, तिच्या दृष्टीने ती क्रूरच होय.

तथापि नकुशा निदान जन्मास तरी येई. पुढे सोनोग्राफीचे यंत्र आले आणि मुलगी जन्मापूर्वीच ओळखून नाहीशी करण्याची सोय झाली. गर्भलिंगनिदानास आळा घालणारा कायदा देशात प्रथम महाराष्ट्राने 1988 मध्ये केला. केंद्राचा कायदा 1994 चा. असे असूनही 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या बालकांत दर हजार मुलग्यांमागे राज्यात 894 च मुली भरल्या. निसर्गतः त्या सुमारे साडेनऊशे असावयास हव्यात. अरण्यमय, गरीब गडचिरोलीत त्या तेवढ्या होत्याही. उसाने समृद्ध झालेल्या कोल्हापुरात मात्र 863.

मुली नकोशा होतात त्या दारिद्र्यामुळे व अज्ञानामुळे, असे आम्ही शिक्षक वर्गात सांगत आलो. हे आकडे आमच्या शिकवणीस दुजोरा देत नाहीत. पण मग दुष्काळी बीडचे काय? तेथे 2001 मध्ये 894 असलेले प्रमाण दहा वर्षांत 807 वर उतरले. तेव्हा केवळ संपत्तीस दोष देऊनही भागत नाही. जमिनीची वाटणी, हुंडा आणि वंशाचा दिवा यांपायी मुलाचा हव्यास पूर्वीपासूनच होता. तो पुरविणारे यंत्र व ते चालविणारा सुशिक्षित मनुष्य जेथे हाताशी आला, तेथे मुली घटल्या, असे माझे मत आहे. आणि तो सुशिक्षित मनुष्य कोणत्या तरी शाळेतूनच बाहेर पडलेला असतो!

ऑक्टोबर 2011 मध्ये साताऱ्यात समारंभपूर्वक अशा 285 मुलींचे नव्याने नामकरण झाले. कित्येकींनी आपले नाव स्वतःच निवडले. ती वार्ता वाचताना मला माझा हजेरीपट आठवला. इतकी वर्षे रोज सकाळी ते नाव मी मोठ्याने उच्चारीत होतो, आणि 'हजर' असे उत्तर आले की निश्चिंतपणे पुढच्या नावाकडे वळत होतो. ते बदलण्याविषयी एखाद्या पालकाशी बोलावे, हे मला एकदाही सुचले नाही. त्या मुलींच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यांवर ते नाव माझ्याच हस्ताक्षरात आहे.