मध्यंतरानंतरचं लग्न

आधी एक कबुली. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, त्यामुळे माझं मराठी म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाची ऐशीतैशी. "मराठी विभागात मुलींचं काहीतरी हवं, आणि कृपा करून कविता नको" असं संपादकांनी बजावलं म्हणून हे धाडस! विषय आहे एक तमिळ सिनेमा आणि कागलची पंचतारांकित एमआयडीसी. दोघांचा संबंध काय? सांगते.

या एमआयडीसीचं नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला खरंच हॉटेल वाटलं होतं. "दादा पंचतारांकितला लागला" असं मावशी म्हणाली, आणि मी विचारलं, "शेफ म्हणून?" अजून सगळे चिडवतात. कोल्हापूरहून बेंगळुरूच्या दिशेने हायवेने सुमारे २० किलोमीटर, कर्नाटकची हद्द अगदी जवळ. इंजिनं, कास्टिंग, सूत, कापड, सगळं तिथे बनतं. माझा मावसभाऊ तिथल्या एका कंपनीत सीएनसीवर आहे आणि वहिनी एका कापडाच्या युनिटमध्ये शिलाईला. दोघांनी आळंदीला जाऊन गुपचूप लग्न केलं आणि पाच महिने कुणालाच सांगितलं नाही. तो त्याच्या घरी, ती तिच्या घरी! जात वेगळी, एवढंच कारण. (हे सगळं दोघांना विचारून लिहिते आहे. अट एकच, नावं नकोत.)

आता सिनेमा. 'अलैपायुदे', दिग्दर्शक मणिरत्नम, संगीत रहमान, साल २०००. यातला हीरो माधवन आपल्याला 'थ्री इडियट्स'चा फरहान म्हणून माहीत. इंजिनिअरिंग सोडून कॅमेरा घेतो तरी आपले सगळे प्रोफेसर त्याला माफ करतात, तो! पण हा माणूस कोल्हापूरचाच म्हणायला हवा. जन्म जमशेदपूरचा, घर तमिळ, आणि शिक्षण आपल्या राजाराम कॉलेजात, इलेक्ट्रॉनिक्स. पुढे तो व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग घ्यायचा. त्या वर्गात आलेली सरिता बिर्जे त्याची बायको झाली, १९९९ साली. म्हणजे पडद्यावर हे लग्न लागलं तेव्हा तो स्वतः नवा नवरा होता. 'अलैपायुदे' हा त्याचा पहिला तमिळ सिनेमा. गोष्ट 'साथिया'ची आहे असं म्हटलं की सगळ्यांना कळेल, तो २००२ चा हिंदी रिमेक. मी तमिळच पाहिला, सबटायटल्स लावून, रूमवर, रात्री दोनपर्यंत. कारण माधवन. दुसरं काही कारण नाही.

गोष्ट थोडक्यात. कार्तिक सॉफ्टवेअरवाला, शक्ती मेडिकलला. लोकलमध्ये भेटीगाठी, प्रेम, दोन्ही घरची बोलणी फिसकटतात. मग देवळात लग्न करून दोघं आपापल्या घरी परत! शक्तीच्या मोठ्या बहिणीला बघायला पाहुणे येतात आणि धाकट्या मुलासाठी शक्तीलाही मागणी घालतात. तेव्हा ती सांगून टाकते की माझं लग्न झालंय. आमच्याकडेही असाच कांदेपोह्यांचा कार्यक्रम होता, वहिनीचाच. मी पॉज करून रूममेटला उठवलं. ती म्हणाली, "झोप गं."

पण मला बोलायचंय ते त्याच्या पुढचं. आपले बहुतेक सिनेमे मुलगी गाडीत चढली की संपतात. 'दिलवाले'ची सिमरन गाडीत चढली, पुढे लंडनला भांडी कोणी घासली ते कुणी दाखवलं नाही. इथे दोघं एका अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगमध्ये संसार मांडतात आणि भांडायला लागतात. मोठी भांडणं नाहीत. उशीर का झाला, ऐकत का नाहीस, असली. 'सैराट'मध्ये (२०१६) पण हैदराबादची खोली आणि तिथली भांडणं आहेत, पण शेवट इतका भयंकर आहे की मधला संसार आपण विसरूनच जातो.

दादा-वहिनीची खोली मी बघितली आहे. भिंतीवर कालनिर्णय, त्यावर दोघांच्या शिफ्ट पेनने लिहिलेल्या. त्याची थर्ड, तिची फर्स्ट. तो सकाळी दमून येतो तेव्हा ही डबा घेऊन बसच्या गडबडीत. दारातच भेट, आणि दारातच भांडण, दुधाच्या पातेल्यावरून! मणिरत्नमला हे चेन्नईत बसून कसं कळलं कोण जाणे.

माझी तक्रार शेवटाबद्दल आहे. शक्तीला अपघात होतो, ती आयसीयूत, कार्तिक वेड्यासारखा शोधत फिरतो आणि मग सगळं गोड. मला हे पटलं नाही. ज्या दोघांना बोलता येत नव्हतं त्यांना गाडीच्या धडकेने बोलतं करायचं, ही पळवाट आहे. आपण वायव्हाला उत्तर येत नसलं की चक्कर आल्यासारखं करतो, तसलीच.

आणि घरोघरी हेच चालतं, म्हणून राग जास्त. गेल्या पावसाळ्यात शिफ्ट सुटल्यावर दादाची बाईक घसरली. हनुवटीला सहा टाके. वर्षभर नाव न घेणाऱ्या मावशीने दुसऱ्या दिवशी माझ्याकडे डबा दिला, "तुझाच आहे म्हणून सांग." मी वडापमध्ये मांडीवर तो डबा घेऊन कागलला गेले. काका मात्र नाहीच. दादा हसत म्हणाला, "अजून दोन टाके पडले असते तर पप्पा पण आले असते." वहिनी हसली नाही.

माझ्या मते सिनेमाचा खरा शेवट त्या अपघाताच्या आधी होऊन गेलाय. शक्तीचे वडील आजारी पडतात. जावं की नाही, यात वेळ जातो. कार्तिक तिला समजावून घेऊन जातो, पण ती पोचायच्या आधीच ते गेलेले असतात. पुढे ती कार्तिकवर जी चिडते, तो राग त्याच्यावरचा नाहीच. त्या एका प्रसंगासाठी हा सिनेमा मी पुन्हा बघेन. अपघात तर कुठल्याही सिनेमात मिळतो.

मागच्या महिन्यात एका रविवारी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेले आणि दोघांना सिनेमा दाखवला. वहिनीच्या वडिलांचं डायलिसिस चालू आहे हे मला माहीत होतं, पण त्या प्रसंगाचं माझ्या लक्षातच राहिलं नाही. मूर्खपणा माझा. तो सीन आला आणि वहिनी उठून चहा टाकायला गेली. चहा तर नुकताच झाला होता. दादाने सिनेमा थांबवला नाही, आवाज कमी केला. ती बराच वेळ आत होती.

ती माहेरी गेली वगैरे नाही, लगेच तसा विचार करू नका. परवा फोनवर एवढंच म्हणाली की धाकट्या भावाकडून वडिलांच्या रिपोर्टचे फोटो मागवलेत, आणि क्रिएटिनिन म्हणजे काय ते मला विचारलं. मी इंजिनिअरिंगला आहे, मेडिकलला नाही, तरी शोधून सांगितलं.

बाकी, रेक्टर मॅडमना या लेखातूनच विनंती : एखाद्या शनिवारी कॉमन रूममध्ये 'अलैपायुदे' लावू द्या. सबटायटल्सवाली कॉपी माझ्याकडे आहे. गाण्यांना उठून नाचणाऱ्यांनी मागे बसावं आणि मध्यंतरानंतर कोणीही जेवायला पळू नये, कारण सिनेमा तिथूनच सुरू होतो.