सुवर्णयुगाचे वय वीस

‘हल्लीचे सिनेमे अगदी बिघडले हो!’ हे वाक्य मराठी घरात चहाइतक्याच वेळा होते, आणि चहासारखेच त्याला कुणी नको म्हणत नाही. दिवाळीच्या चार दिवसांत तर त्याला विशेष बहर येतो. मोठमोठे चित्रपट नेमके दिवाळीच्या मुहूर्तावर लागतात, पाहुणे जमलेले असतात, चकल्यांचा डबा मध्ये उघडा पडलेला असतो, आणि कुणी तरी उत्साही भाचा नव्या सिनेमाचे नाव काढतो. की लागलीच कोपऱ्यातल्या आरामखुर्चीतून निकाल ऐकू येतो. कारणे विचारायची सोय नसते. विचारलीच, तर पुढचे वाक्य ‘आमच्या वेळी...’ असे सुरू होते आणि चकल्या संपेपर्यंत चालते.

मी मराठी शिकवतो. वीस-बावीस वर्षे उत्तरपत्रिका तपासून मला एक खोड जडली आहे. कुणी ‘पूर्वीचे चांगले’ असे म्हटले, की समासात ‘पूर्वी म्हणजे कधी?’ असे लिहावेसे वाटते. तेव्हा हा ‘पूर्वी’ नेमका कोणत्या सालातला, याचा आमच्याच घरापुरता मी एकदा नीट बसून हिशेब केला.

आमच्या पणजोबांच्या मते (हे आजोबांच्या तोंडून ऐकलेले) करमणुकीचा खरा अंत झाला तो बोलपट आल्यावर. 1931 साली मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला, 1932 साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला, आणि एकामागून एक नाटक कंपन्या बसल्या. पणजोबांनी 8 जुलै 1921 चे, बालीवाला थिएटरातले ‘संयुक्त मानापमान’ पाहिले होते; म्हणजे तसे ते सांगत. बालगंधर्व आणि केशवराव भोसले एका रंगभूमीवर उभे राहिले तो हा प्रयोग महाराष्ट्रातल्या इतक्या पणजोबांनी पाहिलेला आहे, की बालीवालाऐवजी तो शिवाजी पार्कवर झाला असता तरी जागा पुरली नसती. असो. पणजोबा तेव्हा पंचविशीत होते.

आजोबांना हे मत मुळीच मान्य नव्हते. त्यांचे म्हणणे, कला म्हणजे प्रभात. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ 1936 साली आला तेव्हा ते वीस वर्षांचे होते. विष्णुपंत पागनीसांचे नाव निघाले की ते आपोआप ताठ बसत. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात त्या चित्रपटाचा गौरव झाला, ही गोष्ट ते आपल्याच घरी मुंज झाल्यासारखी सांगत. प्रभात बंद पडली आणि आजोबांच्या लेखी सिनेमाही बंद पडला. ‘श्यामची आई’ तेवढा त्यांनी अपवाद म्हणून पाहिला.

माझे सासरे आज शहात्तर-सत्त्याहत्तरचे आहेत. त्यांच्या हिशेबात प्रभात म्हणजे ‘ठीक, पण फार देवदेव’. त्यांचा सिनेमा ‘आराधना’, साल 1969, त्यांचे वय एकवीस. शांतारामबापूंचा 1972 चा ‘पिंजरा’ हे शिखर, आणि 1975 साली ‘शोले’ आला तिथून मारामाऱ्या सुरू होऊन सगळे रसातळाला गेले. माझी पिढी त्याच ‘शोले’ला प्रमाणग्रंथ मानते. राहता राहिली माझी सतरा वर्षांची मुलगी. गेल्या महिन्यात ती सुस्कारा सोडून म्हणाली, ‘‘बाबा, आता पूर्वीसारखी कार्टून नाही येत रे!’’

चाळिशी उलटलेल्या माणसाला आयुष्यातले आठवायला सांगितले, तर दहाव्या ते तिसाव्या वर्षांच्या दरम्यानचे त्याला सर्वांत अधिक आठवते, असे मानसशास्त्रज्ञ सांगतात. आमच्या घरात चार पिढ्यांनी एक पैसा खर्च न करता हा प्रयोग सिद्ध केलेला आहे.

यावर कुणी म्हणेल, घरगुती मतांचे काय घेऊन बसलात? जाणकारांचे काय? तर जाणकारांची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. 1952 साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्र सरकारात माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. माणूस विद्वान, शास्त्रीय संगीताचा मनापासून अभिमानी. चित्रपटांतली गाणी फार उथळ झाली आहेत, त्यांनी लोकांची अभिरुची बिघडते आहे, असे त्यांचे स्वच्छ मत. त्यांच्या अमदानीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशीच झाली. लोकांनी काय करावे? रेडिओची सुई फिरवली आणि सिलोन लावले. त्याच 1952 साली तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सयानींचा आवाज घराघरांत पोचला. शेवटी 1957 साली सरकारला ‘विविध भारती’ काढून ही रुसलेली मंडळी परत आणावी लागली.

आता गंमत पाहा. ज्या वर्षी गाणी इतकी बिघडली, की सरकारला दखल घ्यावी लागली, त्या वर्षीचा एक चित्रपट म्हणजे ‘बैजू बावरा’. नौशाद यांनी रागदारीवर बांधलेली त्यातली गाणी आज सत्तरीतले लोक डोळे मिटून ऐकतात आणि म्हणतात, ‘‘अशी गाणी आता होणे नाही!’’ केसकर अडाणी होते असे मला मुळीच म्हणायचे नाही. एवढेच म्हणायचे आहे, की चाळणीच्या वरच्या बाजूला उभे राहिले की चाळ आणि दाणा एकत्रच दिसतात. 1952 सालची टाकाऊ गाणी केसकरांना रोज ऐकावी लागत होती. आपल्याला ती ऐकायला मिळतच नाहीत. ‘आलम आरा’ची तर आज एक प्रतही शिल्लक नाही, त्यामुळे तो रटाळ होता असे म्हणण्याची कुणाची छाती नाही. उलट गुरुदत्तचा ‘कागज के फूल’ 1959 साली लोकांनी साफ नाकारला, त्यानंतर त्याने दिग्दर्शक म्हणून पुन्हा नाव लावले नाही, आणि त्याच चित्रपटावर आता व्याख्याने होतात.

माझ्या स्वतःच्या काळाबद्दल बोलायचे, तर मी शाळेत असताना दूरदर्शनवर जे मराठी चित्रपट लागत, ते सगळे आम्ही पाहिले. ‘सगळे’ हा शब्द मी जपून वापरतो आहे. खोट्या मिश्या, साडी नेसलेले नायक, विहिरीभोवती नाच, शेवटी पोलीस. त्यांतला 1988 चा ‘अशी ही बनवाबनवी’ टिकला, आणि टिकायलाच हवा होता. 1991 चा ‘माहेरची साडी’ निदान आमच्या वाड्यातल्या पदरांना तरी विसरता येणार नाही. बाकीच्या शेकडा नव्वदांची नावेही मला आठवत नाहीत. पण ‘आमच्या वेळचा सिनेमा’ म्हणताना मी ते नव्वद कधी धरतो का?

पारितोषिके म्हणजे काही सर्वस्व नव्हे. तरी एक हिशेब मांडतो. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक 1954 साली प्रथमच देण्यात आले, ते आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला. हाच मान मराठीला पुन्हा मिळायला 2004 साल उजाडावे लागले, आणि ‘श्वास’ यावा लागला. मधली पन्नास वर्षे, म्हणजे ज्यांना आपण सुवर्णयुगे म्हणतो ती बहुतेक सगळी, त्या खात्यात कोरडी गेली. त्यानंतर मात्र 2011 सालासाठी ‘देऊळ’ (एका ब्यारी चित्रपटाबरोबर विभागून), 2014 सालासाठी ‘कोर्ट’ आणि 2016 सालासाठी ‘कासव’. बिघडण्याची ही रीत मोठी अजब आहे.

म्हणजे तक्रारीला जागाच नाही असे नाही. पार्श्वसंगीत नावाचा जो अखंड ढोल हल्ली संवादांवर बडवला जातो, त्याबद्दल मी कुणाशीही भांडायला तयार आहे. त्यात माझ्या कानांचे वय धरले तरी ढोलाचा दोष उरतोच. सिनेमा कसा आहे हे विचारण्याऐवजी पहिल्या तीन दिवसांत त्याने किती कोटी मिळवले, हे शाळकरी मुलांनी एकमेकांना सांगणे, हेही मला बरे दिसत नाही. आपण काय निर्मात्याचे कारकून आहोत? माझी मुलगी म्हणते, ‘‘बाबा, तू पिक्चर बघतोस की तपासतोस?’’ तपासतो. त्याचाच मला पगार मिळतो.

पण वय कुठे आड येते, ते मला पार्श्वसंगीतापेक्षा दुसऱ्याच ठिकाणी कळले. 1995 च्या दिवाळीत ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ लागला. मुंबईच्या मराठा मंदिरात तो पुढे पंचवीस वर्षांहून अधिक काळ चालला. तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो आणि अर्थातच राजच्या बाजूने होतो. परवा मुलीबरोबर तो पुन्हा पाहिला. हा राज पदवी परीक्षेत नापास झालेला. दुकान बंद झाल्यावर डोकेदुखीच्या गोळ्यांचे निमित्त करून आत शिरतो आणि बिअर घेऊन पसार होतो. ज्याची ती बिअर, त्याच्याच मुलीशी याला लग्न करायचे आहे! मुलीचा बाप, तो बलदेव सिंग, तीस वर्षांपूर्वी मला राक्षस वाटला होता. यावेळी त्याने पहाटे कबुतरांना दाणे टाकले तेव्हा माझ्याच घशाशी काही तरी आले. सिनेमा तोच, मी मात्र खुर्ची बदलून मुलीच्या बापाच्या शेजारी जाऊन बसलो होतो.

नायक कायम विशीतलाच असतो. आपण वीस वर्षांचे असतो तेव्हा पडदा आपल्याशी बोलतो. पुढे तो आपल्या खांद्यावरून मागच्या रांगेतल्या पोरांशी बोलू लागतो. हा अपमान आहे, आणि त्याला आपण ‘दर्जा घसरला’ असे नाव देतो.

आणि हे केवळ वयाचेच नाही. आपल्यासारखी घरे फार वर्षे मराठी पडद्यावर मध्यभागी होती. कथा खांडेकर-अत्रे लिहीत, गीते गदिमा लिहीत, दिवाणखान्यातली माणसे आपल्यासारखे बोलत. खेड्यातली भाषा येई ती बहुधा हसायला. मग नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ आला, 2016 साली ‘सैराट’ आला, आणि करमाळ्याकडची बोली नायक-नायिकेच्या तोंडी, प्रेमासाठी आणि मरणासाठी वापरली गेली. सिनेमातून शुद्ध मराठी गेली, अशी हळहळ तेव्हा आमच्या प्राध्यापकांच्या खोलीतही व्यक्त झाली. शुद्ध मराठी कुठेही गेली नव्हती. तिला नुसते थोडे सरकून बसायला सांगितले होते.

‘सैराट’ला आम्ही सासऱ्यांना घेऊन गेलो होतो. मुलगी तेव्हा आठ वर्षांची, तिला आजीपाशी ठेवले. इथे एक सांगायला हवे: आमचे लग्न जातीबाहेरचे. सासऱ्यांना ते पसंत नव्हते आणि पहिली दोन वर्षे त्यांनी आमच्या घराचा उंबरा ओलांडला नाही. पुढे नात झाली, येणे-जाणे सुरू झाले, आणि तो विषय जुन्या पितळी भांड्यासारखा माळ्यावर गेला. आता तर आमचे उत्तम जमते. मध्यंतरात ते म्हणाले, ‘‘गाणी बरी आहेत, पण ही काय भाषा?’’ उत्तरार्धात त्यांनी काही भाष्य केले नाही. शेवटी मुलीच्या माहेरची माणसे तिच्या घरी येतात, ती चहा करते, आणि पुढचे आवाज न होता दिसते. दिवे लागले तरी सासरे उठले नाहीत. बायकोने त्यांच्या हातातला चष्मा घेऊन पदराने पुसला आणि परत दिला.

वाटेत ते एवढेच म्हणाले, ‘‘वाईट सिनेमा आहे. असले दाखवू नये.’’ मी वाद घातला नाही. सोसायटीच्या लिफ्टमध्ये, दिवा बघत, त्यांनी विचारले, ‘‘त्या दोन वर्षांत तुम्ही दोघे कुठे राहत होतात? मी कधी विचारले नाही.’’

‘‘धनकवडीला. एक खोली होती,’’ मी म्हणालो.

‘‘पाणी यायचे?’’

‘‘सकाळी एक तास यायचे, बाबा,’’ बायको म्हणाली.

‘सैराट’ अजूनही त्यांच्या वाईट सिनेमांच्या यादीत आहे, आणि वाईटांत त्याचा नंबर पहिला आहे. पुन्हा कधी तो टीव्हीवर लागला, की ते उठून आत जातात; पण इतर वाईट सिनेमांना ते बसल्या जागेवरून शिव्या देतात, हा फरक मी टिपून ठेवला आहे.

यंदा पाडव्याच्या दुपारची तिकिटे मुलीने परस्पर काढली आहेत. सिनेमा कोणता, ते ती सांगत नाही. तिच्या आजोबांनी दर्जा वगैरेची काही चौकशी केली नाही. मध्यंतर नक्की असते ना, आणि जिने किती चढायचे, एवढेच विचारून घेतले.