तापविलेले पाणी आणि एक अर्धसत्य

‘पाणी तापविले म्हणजे त्यात पदार्थ अधिक विरघळतो’ हे वाक्य शाळाशाळांतून नियम म्हणून पाठ करविले जाते. आमच्या मते त्याला नियमाचा मान देणे थांबविले पाहिजे.

साखरेपुरते ते खरे आहे. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते, उकळत्या पाण्यात ४८० ग्रॅमांहून अधिक. पण शेजारच्या डब्यातील मीठ पाहावे. त्याचे प्रमाण शून्य अंशास सुमारे ३६ ग्रॅम आणि १०० अंशांस अवघे ३९! चुन्याची तऱ्हा तर उलटीच. उकळत्या पाण्यात तो थंड पाण्यातल्यापेक्षा निम्म्याहूनही कमी विरघळतो.

दिल्लीच्या रामकृष्ण पुरम वसाहतीत ज्या घरी कूपनलिकेचे दुष्फेन, म्हणजे साबणाला फेस येऊ न देणारे, पाणी वापरतात, तेथे किटलीच्या बुडाशी पांढरा थर जमतो. उष्णतेने पाण्यातील कॅल्शियम बायकार्बोनेटचे विघटन होते, कर्बवायू निघून जातो आणि जवळजवळ अविद्राव्य असे कॅल्शियम कार्बोनेट उरते. हा निव्वळ विद्राव्यतेचा खेळ नव्हे हे खरे. तथापि ‘तापविले की विरघळते’ असे घोकणाऱ्या मुलाला या थराचा उलगडा कसा व्हावा?

मग हे ठरते कशाने? विरघळताना जो पदार्थ उष्णता शोषून घेतो, त्याची विद्राव्यता साधारणतः तापमानाबरोबर वाढते. जो उष्णता बाहेर टाकतो, त्याची घटते. सोरा पाण्यात टाकला की पाणी गार होते. अकबराच्या दरबारी पिण्याचे पाणी सोऱ्याने थंड करीत, याची नोंद अबुल फजलाच्या ‘ऐन-ई-अकबरी’त आहे. याच सोऱ्याचे प्रमाण शून्य अंशास १३ ग्रॅम, तर १०० अंशांस सुमारे २४५ ग्रॅम भरते. सोरा शुद्ध करणारे कारागीर उष्ण, दाट द्रावण निवू देत. सोऱ्याचे स्फटिक खाली बसत आणि मीठ बव्हंशी द्रावणातच राही. ग्रंथ न वाचताही त्यांना हा भेद पक्का ठाऊक होता. वर्गात नवसागर आणि एक तापमापक एवढ्यावर हा प्रयोग सहज करता येतो. मग पाठांतराचा अट्टाहास कशासाठी, हे आम्हांस कळत नाही.

वायूंच्या बाबतीत मात्र हे अर्धसत्य घातक ठरते. हवेच्या सान्निध्यात १५ अंशांचे एक लिटर पाणी फार तर १० मिलिग्रॅम प्राणवायू धरून ठेवते, ३० अंशांचे सुमारे साडेसात. स्नानयोग्य पाण्यात निदान ५ मिलिग्रॅम असावा, असा आपल्याकडील निकष आहे. म्हणजे उन्हाळ्यात स्वच्छ नदीजवळही जेमतेम अडीच मिलिग्रॅमांची शिल्लक उरते, आणि त्याच दिवसांत कुजण्याची क्रिया जलद होऊन मागणी वाढते. वझीराबादच्या खाली यमुनेत शहराचे नाले येऊन मिळतात. तेथून ओखल्यापर्यंतच्या पट्ट्यात पाण्यातील प्राणवायू अनेकदा शून्यावर आलेला आढळतो.