ऑर्डर येईल, पण नाव कोणते लावायचे?

गेले काही महिने आम्ही बीड शहरातील एका छोट्या खानावळीला ऑनलाइन ऑर्डर सुरू करून देण्याच्या खटपटीत होतो. सहा टेबलांची खानावळ. नवरा-बायको चूल सांभाळतात, बी.कॉम. झालेला मुलगा गल्ल्यावर बसतो. ज्वारीची भाकरी, येसर आमटी, मटण रस्सा, वजडी. आधीच्या पिढीने ऊसतोडीत कोयता चालवला, या पिढीने भाड्याच्या गाळ्यात धंदा उभा केला. अन्न सुरक्षा नोंदणी, पॅन, बँकेचे पासबुक, मेनूचे फोटो असे सगळे तयार होते. अर्ज अडला तो पहिल्याच रकान्यात. हॉटेलचे नाव.

दुकानाच्या पाटीवर रमाईंचे नाव आहे. मुलगा म्हणाला, "ॲपवर दुसरं टाकू. मराठवाडा किचन, असं कायतरी. नाव वाचूनच लोक पुढं सरकतेत." आई म्हणाली, "पाटी मी बदलणार नाही." वडील गप्प राहिले.

वरवर पाहता हा एका घरातील वाद आहे. पण आम्हाला त्यात शंभर वर्षांचा प्रश्न दिसतो.

गंगाराम कांबळे यांची गोष्ट आपल्या समाजात सर्वांना ठाऊक आहे. कोल्हापूरच्या राजवाड्यातील या नोकराने हौदाला हात लावला म्हणून त्याला मारहाण झाली. छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना स्वतंत्र धंदा काढण्यास पाठबळ दिले. भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' हॉटेल सुरू झाले, पण महाराच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? तेव्हा महाराज स्वतः हॉटेलसमोर गाडी थांबवून चहा मागू लागले आणि सोबतच्या मंडळींनाही पाजू लागले. राजाने चहा घेतल्यावर बाकीच्यांना नाही म्हणणे अवघड झाले.

या गोष्टीतील एक बारकावा आज महत्त्वाचा आहे. गंगारामांच्या हॉटेलातील रिकामी बाकडी सगळ्या कोल्हापूरला दिसत होती. बहिष्कार उघडा होता, म्हणून त्याच्यावर उघड इलाजही करता आला.

पुढे संविधान आले. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. कलम १५ (२) ने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत जातीच्या कारणावरून प्रवेश नाकारण्याला बंदी घातली. हा फार मोठा विजय होता, पण तो गिऱ्हाईक म्हणून मिळालेला विजय आहे. हॉटेलात शिरून कपबशी मागण्याचा हक्क आपल्याला मिळाला. आपल्या हॉटेलात कोणी शिरावे, अशी सक्ती कोणताही कायदा करू शकत नाही. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक व आर्थिक बहिष्कार हा गुन्हा ठरला आणि बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींनाही त्याचे संरक्षण आहे. पण त्यासाठी बहिष्कार टाकणारा दाखवावा लागतो. मोबाइलवर नाव वाचून अंगठ्याने पुढे सरकणारा माणूस कोणत्या पंचनाम्यात येणार? नकाराला साक्षीदारच उरत नाही.

नावाचा हा धाक मुलाच्या मनात उगाच आलेला नाही. गेल्या काही वर्षांतील घडामोडी पाहा.

१९ मार्च २०२४ रोजी झोमॅटोने 'शुद्ध शाकाहारी' ग्राहकांसाठी वेगळा ताफा जाहीर केला. हिरवा गणवेश, हिरवी पेटी. टीका झाल्यावर दुसऱ्याच दिवशी कंपनीने वेगळा रंग मागे घेतला. लाल कपड्यांतील डिलिव्हरी करणाऱ्यांना मांसाहाराशी जोडून सोसायट्यांमध्ये अडवले जाईल, हे तिने मान्य केले. वेगळा ताफा मात्र कायम ठेवला. तो दुसरा दिवस २० मार्च होता, म्हणजे महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा दिवस. तारखांचा हा योगायोग असेल, पण 'शुद्ध' हा शब्द कोणत्या कोठारातून येतो हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

त्याच वर्षी जुलैमध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरील खाद्यविक्रेत्यांना मालकाचे नाव ठळक लावण्यास सांगण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलैला त्याला अंतरिम स्थगिती दिली. कोणते अन्न विकता ते सांगा, पण मालकाचे नाव लावण्याची सक्ती नको, असा त्या आदेशाचा रोख होता.

आणि आपला बीड जिल्हा? आरक्षणाच्या प्रश्नावरून आणि २०२४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर इथे एकमेकांच्या दुकानांत जाऊ नका, ही भाषा उघडपणे बोलली गेली. २०२५ मध्ये पोलिसांच्या नावाच्या पट्टीवरून आडनाव काढून फक्त पहिले नाव ठेवण्याची वेळ पोलीस अधीक्षकांवर आली. वर्दीतल्या माणसालाही आडनाव अडचणीचे वाटावे, अशा जिल्ह्यात एका खानावळवाल्या पोराने पाटीवरचे नाव झाकायला बघितले, तर त्याला भित्रा कसे म्हणायचे?

म्हणून पहिली गोष्ट आम्ही स्पष्ट सांगतो. जो नाव बदलून धंदा करतो, त्याला समाजाने टोचून बोलू नये. गाळ्याचे भाडे भाषणाने भरले जात नाही.

दुसरी गोष्ट मात्र हिशेबाची आहे. नाव लपवून ॲपवर गेल्याने प्रश्न सुटतो का? समजा थाळी १५० रुपयांची आहे आणि कमिशन २५ टक्के. साडेसदतीस रुपये कमिशन गेले. त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे पावणेसात रुपये. हातात उरले १०५ रुपये ७५ पैसे. त्यातून मटण, तेल, गॅस, डबा आणि भाडे. दर वाढवावा तर शेजारचे मोठे हॉटेल सवलत लावून बसलेले. कमिशन आणि अटींची ही तक्रार छोट्यांचीच नाही. राष्ट्रीय रेस्टॉरंट संघटना २०२१ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे गेली आणि एप्रिल २०२२ मध्ये आयोगाने झोमॅटो व स्विगीच्या व्यवहारांची चौकशी करण्याचा आदेश दिला. मोठ्या हॉटेलवाल्यांची ही गत, तर सहा टेबलांवाल्याने कोणाच्या जोरावर घासाघीस करायची?

एक गैरसमजही दूर करायला हवा. १ जानेवारी २०२२ पासून ॲपवरील जेवणावरचा पाच टक्के जीएसटी भरण्याची जबाबदारी ॲप कंपनीची आहे. केवळ ॲपवर गेलात म्हणून लगेच जीएसटी क्रमांक काढावाच लागेल, असे सांगून कोणी पैसे उकळत असेल तर आधी चौकशी करा. अन्न सुरक्षेची मूळ नोंदणीही वर्षाला १०० रुपयांत होते. एजंटाला हजारो रुपये देण्याची गरज नाही. हा चौदा अंकी क्रमांक बिलावर द्यावाच लागतो आणि त्यामागे मालकाचे खरे नाव असते. म्हणजे टोपणनावाचा पडदाही फार जाड नाही.

याहून मोठी अडचण वेगळीच आहे. ॲपवर आलेले गिऱ्हाईक आपले नसते. त्याचा नंबर कंपनीकडे, त्याची आवड कंपनीकडे, आपले हॉटेल यादीत वर दाखवायचे की खाली, हेही कंपनीच्या हातात. जातीपासून लपण्यासाठी आपण ज्या घरात शिरतो, त्या घराचा मालक वेगळाच असतो. १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले होते. खानावळीच्या या अर्जात ते दोघे एकाच पानावर भेटतात. वरच्या रकान्यात नाव, खालच्या रकान्यात कमिशन.

मग करायचे काय? ॲप टाळा, असे आम्ही म्हणत नाही. नवे गिऱ्हाईक तिथूनच येते. पण ॲपला दार समजावे, घर समजू नये. डब्यात आपला नंबर आणि मेनू छापलेली चिठ्ठी टाकावी. व्हॉट्सॲप बिझनेसवर रोजचा मेनू लावावा, पैसे यूपीआयने घ्यावेत. दोन-तीन किलोमीटरच्या आत घरचा मुलगा मोटारसायकलवर डबा पोचवू शकतो आणि ते कमिशन घरात राहते. नियमित गिऱ्हाइकांची वही ही आजच्या धंद्याची खरी मालमत्ता आहे.

आणि शाहू महाराजांचे काम कोणी करायचे? इथे बोट आपल्याकडे वळते. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगावात आपले प्राध्यापक आहेत, डॉक्टर आहेत, वकील, अधिकारी आहेत. १४ एप्रिलच्या कार्यक्रमाचे जेवण, वर्षावासाच्या समारोपाचा भोजनदानाचा स्वयंपाक, कार्यालयातील बैठकीचा नाश्ता कोणाकडून येतो? नुसते आपल्यातच खाऊन भागणार नाही, ती दुसरी कोंडी होईल. कार्यालयातील इतर जातींच्या सहकाऱ्यांना घेऊन त्या खानावळीत बसावे, बिल आपण द्यावे. ॲपवर पाच चांदण्या देऊन दोन ओळी स्वतःच्या नावाने लिहाव्यात. महाराजांनी भाषण केले नव्हते, चहा मागितला होता.

त्या खानावळीचा अर्ज शेवटी रमाईंच्या नावानेच भरला गेला. आईने हट्ट सोडला नाही आणि मुलाने, "बघू सहा महिने," म्हणत बटण दाबले. नावामुळे किती ऑर्डर गेल्या, हे त्यांना कधीच कळणार नाही. किती आल्या ते मात्र रोज रात्री वहीत लिहिले जाते. त्या वहीत आपले नाव आहे का, एवढेच आपण प्रत्येकाने पाहावे.