चौकोनी खोडाची साक्ष

उत्तर अमेरिकेतील हिरवळींवर आणि झाडांच्या सावलीत पसरणाऱ्या ‘ग्राउंड आयव्ही’ या वनस्पतीचे आयव्हीशी नावापलीकडे काहीही नाते नाही. लिनीअसने १७५३ मध्ये जिचे ग्लेकोमा हेडेरेसिया असे नामकरण केले, ती ही वेल तुळस व पुदिना यांच्या तुलसी कुलातील असून मूळची युरोप-आशियातील आहे. हॉप्स रूढ होण्यापूर्वी युरोपात बिअरच्या स्वादासाठी तिचा पाला वापरला जाई. पुढे युरोपीय वसाहतकऱ्यांबरोबर ती अटलांटिकपार गेली.

तिला ओळखताना नजर प्रथम पानावर जाते आणि तेथेच फसगत होते. वृक्काकृती, म्हणजे मूत्रपिंडाच्या आकाराचे, व कडेला बोथट गोलसर दाते असलेले हे पान अमेरिकेतील मराठी कुटुंबाला ब्राह्मी म्हणून परिचित असलेल्या मंडूकपर्णीचे वाटू शकते, कारण तीही जमिनीलगत सरपटते आणि पेरापेराशी मुळे सोडते. मात्र मंडूकपर्णी कोथिंबिरीच्या कुलातली आहे. खोड चिमटीत धरून फिरवले, की हा संशय फिटतो. तुळशीच्या कोवळ्या फांदीप्रमाणे ग्लेकोमाच्या खोडाच्या चार कडा बोटांना जाणवतात, पाने पेरावर समोरासमोर असतात आणि चुरडल्यावर उग्र वास येतो. वसंतात पानांच्या बगलेत निळसर जांभळी, द्व्योष्ठक म्हणजे दोन ओठांसारखी उमललेली फुले येतात. तथापि चौकोनी खोड फार तर कूळ सुचवते, जाती नव्हे; त्याच सुमारास फुलणारे हेनबिटही याच कुलातले, परंतु ते वर्षायू, म्हणजे एका वर्षात जीवनक्रम संपवणारे, असून ग्लेकोमासारखी लांब धावती खोडे सोडत नाही.

ही बारकाई पुस्तकी नाही. पेराला मूळ फुटत असल्यामुळे घाईने ओढताना मातीत राहिलेल्या तुकड्यातूनही नवे रोप उभे राहते, आणि जमिनीलगतची वेल गवत कापणीतून सहज निसटते. युरोपातील कुंपणाशी हीच वनस्पती घरची असते, तर अमेरिकेत आक्रमक ठरते. उलट उष्णकटिबंधीय अमेरिकेतून आलेली, याच कुलातील हिप्टिस महाराष्ट्रात माजली असून तिला अनेकजण रानतुळस म्हणतात. आक्रमकपणा वनस्पतीच्या अंगी जन्मजात नसतो, तो स्थळाशी जडलेला असतो. म्हणून खोड, पान, वास आणि फूल या चारही खुणा जुळल्याखेरीज कोणतीही वेल उपटू नये, आणि ब्राह्मी समजून तोंडात तर मुळीच घालू नये.